दोन सीटची गाडी आणि तारापूरची भट्टी: जुनं यंत्र स्वतः दुरुस्त करावं का?

आजचा भाग एका घरगुती प्रश्नावरून सुचला, पण आपण नेहमीप्रमाणे इतिहासातच शिरणार आहोत.

प्रश्न माझ्या मावसभावाचा आहे. तो बोईसरला राहतो, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे शेडमध्ये वर्षानुवर्षं एक सॅन स्टॉर्म उभी आहे. दोन सीटची, छोटी, बसकी, वरचं छप्पर काढता येणारी गाडी. ते म्हणतात, भंगारवाला देईल तेवढे दे आणि घेऊन जा. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी "हे इंजिन आम्ही कधी उघडलं नाही" म्हणून हात वर केले. तेव्हा भावानं ठरवलं की घ्यायची, आणि स्वतःच दुरुस्त करायची. मला फोन केला. "दादा, तू इतिहासवाला ना? मग सांग, घेऊ का अंगावर?"

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "दोन सीटची गाडी आणि घरात माणसं चार. आणि किती रविवार जाणार ते आधी विचारा."

मला वाटतं या फोनवरचा सगळ्यात नेमका प्रश्न तिचा होता. त्याकडे आपण येऊच. पण आधी एक गोष्ट सांगतो. "परदेशी बनावटीचं जुनं यंत्र, बनवणारा पाठीशी नाही, सुटे भाग मिळत नाहीत, आता दुरुस्ती कोण करणार?" हा प्रश्न त्याच्या घरापासून जवळच, समुद्रकाठी, पन्नास वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला होता. तारापूरच्या अणुवीज केंद्रात. तिथे जायच्या आधी मात्र मोटारींचा इतिहास थोडा पाहू.

आपल्याकडे मोटारी आधी जोडल्या गेल्या आणि मग बनल्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग जहाजातून यायचे, गाडी इथे जोडली जायची. स्वातंत्र्यानंतर सरकारनं भूमिका घेतली की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथे बनवायला लागा, नाहीतर निघा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सनं शिवडीचं काम बंद केलं. फोर्डनंही त्याच सुमारास गाशा गुंडाळला. राहिल्या त्या देशी कंपन्या. आपल्या बाजूला वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स आणि तिचा कुर्ल्याचा कारखाना.

आता विचार करा. कंपन्या गेल्या, पण त्यांनी विकलेल्या गाड्या रस्त्यावरच होत्या. शेवरोले होत्या, ब्यूक होत्या. नवी परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य, सुटे भाग आणायचे तर परवान्यांची भानगड. म्हणून जुनी गाडी टिकवणं ही गरजच होती. आपला मिस्त्री नावाचा माणूस या टंचाईत तयार झाला. लेथवर बुश काढणारा, गॅस्केट कातडी पंचानं कापणारा, एका गाडीचा भाग दुसरीला बसवणारा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या भागांचा बाजार आजही दिसतो, तो याच परंपरेतला.

या परंपरेचं मोठं उदाहरण म्हणजे फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी. कुर्ल्यातलं तिचं उत्पादन थांबूनही टॅक्सी म्हणून ती मुंबईत धावत राहिली. शेवटच्या नोंदणीकृत काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ ला संपली. लक्षात घ्या, ती थांबली ती टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती म्हणून. दुरुस्त होत नव्हती म्हणून नाही. गल्लोगल्ली तिचं इंजिन डोळे मिटून उघडणारे लोक होते.

यातून पहिला धडा मिळतो. गाडी किती जुनी आहे यापेक्षा तिच्यामागे किती माणसं उभी आहेत हे आधी पाहावं.

आता स्पोर्ट्स कारकडे येऊ. मराठी मुलखात स्पोर्ट्स कारचा इतिहास म्हटला की लोक हसतात, पण तो आहे, आणि तो कोकण किनाऱ्यावरचा आहे. अलिबागकडे चिंकारा मोटर्स नावाच्या छोट्या कंपनीनं हातानं बांधलेली रोडस्टर काढली. दिसायला जुन्या ब्रिटिश लोटस सेव्हनसारखी, उघडी, दोन सीटची, फायबरच्या बॉडीची. आणि इंजिन कुठलं? अँबॅसिडरमधलं १८०० सीसीचं इसुझू. म्हणजे बाहेरून परदेशी डौल आणि बॉनेटखाली असं इंजिन, ज्याचे भाग अँबॅसिडरच्या कुठल्याही मिस्त्रीकडे मिळावेत. हे फार शहाणपणाचं होतं.

दुसरी आपली सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेली. हिचीही बॉडी फायबरची. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, साधारण साठ हॉर्सपॉवर. आज साठ हॉर्सपॉवर ऐकून कुणी वळून बघणार नाही, पण गाडी हलकी आणि बसकी असली की तेवढ्यातही मजा येते. अडचण वेगळी आहे. त्या काळी रेनॉच्या गाड्या भारतात विकल्याच जात नव्हत्या. महिंद्राबरोबरची लोगान नाशिकला बनू लागली ती २००७ मध्ये, आणि तिचंही इंजिन वेगळं. म्हणजे चिंकाराच्या मागे जशी अँबॅसिडरवाल्यांची फौज होती तशी स्टॉर्मच्या मागे कुणीच नव्हतं. गाड्या निघाल्या थोड्या, आणि पुढे त्यांचं उत्पादनही थांबलं.

परदेशी इंजिन, मोजक्या प्रती, पाठीशी कंपनी नाही. मावसभावाच्या शेडमधली परिस्थिती ही अशी आहे. आणि आता आपण तारापूरला येतो.

भारत आणि अमेरिका यांच्यात १९६३ मध्ये करार झाला आणि १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला तारापूरचं काम मिळालं. दोन उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या, प्रत्येकी २१० मेगावॅट. करार टर्नकी पद्धतीचा होता. म्हणजे कंपनी सगळं उभारून देणार, आपण चावी फिरवायची. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झालं. शोरूममधून नवी गाडी बाहेर काढावी तसं.

पाच वर्षं नाही झाली तोवर १८ मे १९७४ ला पोखरणची चाचणी झाली. अमेरिकेचा नूर बदलला. १९७८ मध्ये तिथे अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा झाला, इंधनाचा पुरवठा अडला आणि सुट्या भागांचीही तीच गत झाली. १९८२ मध्ये फ्रान्सबरोबर इंधनाचा करार झाला म्हणून चूल पेटती राहिली. पण यंत्राचं काय? बनवणारा हजारो मैलांवर, राजकारणामुळे मदत करणार नाही, आणि भट्टी तर चालवायची आहे. गुजरात आणि महाराष्ट्र दोघेही त्या विजेवर अवलंबून.

तेव्हा तारापूरच्या माणसांनी जे केलं त्यातल्या चार गोष्टी मला भावाला सांगायच्या होत्या.

पहिली गोष्ट: त्यांनी यंत्राकडून कमी मागितलं. या भट्ट्यांच्या रचनेत भट्टीतून थेट येणाऱ्या वाफेबरोबर दुय्यम वाफजनित्रांतूनही वाफ टर्बाइनला मिळायची. या दुय्यम जनित्रांच्या नळ्या गळायला लागल्या. सगळं बदलून पुन्हा २१० मेगावॅट मिळवण्याचा हट्ट न धरता, १९८० च्या दशकात ती जनित्रं बाजूला काढली आणि भट्ट्यांची क्षमता १६० मेगावॅटवर आणली. कागदावर हा पराभव वाटतो. पण त्या १६० वर केंद्र पुढे कितीतरी वर्षं चाललं आणि जगातल्या सर्वांत जुन्या चालू अणुवीज केंद्रांत गणलं गेलं.

दुसरी गोष्ट: जे इथे बनवता येईल ते बनवायला शिकले. इंधनाचे जुडगे हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तयार होत. पुढे नव्वदच्या दशकात प्लुटोनियम मिसळलेलं मॉक्स इंधनही भट्टीत घालून पाहिलं. आणि या शिक्षणाचं फळ शेजारीच उभं आहे. तारापूरचे तिसरा आणि चौथा हे ५४० मेगावॅटचे संच देशी बनावटीचे. चौथा २००५ मध्ये सुरू झाला, तिसरा २००६ मध्ये. अर्थात नव्यालाही किंमत असते. त्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, आणि तिथल्या लोकांचं पुनर्वसन हा पालघरच्या माणसाला नव्यानं सांगायचा विषय नाही.

तिसरी गोष्ट: दुरुस्त करणारा आणि पास करणारा वेगळा असला पाहिजे. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. केंद्र चालवणारे वेगळे, तपासणारे वेगळे, अशी मूळ कल्पना. हे मंडळ पुरेसं स्वतंत्र आहे का यावर बरीच टीका झाली, २०१२ च्या कॅगच्या अहवालातही झाली. पण ती टीकासुद्धा याच तत्त्वासाठी आहे. तपासणारा त्याच घरात राहत असेल तर तपासणीला अर्थ किती, असं ती विचारते.

चौथी गोष्ट थोडी कठीण आहे. अणुभट्टीत दुरुस्तीचा खर्च माणसाच्या शरीरातही मोजावा लागतो. प्रत्येकाच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला याची नोंद ठेवतात आणि त्याला मर्यादा असते. मर्यादा भरत आली की तो माणूस बाहेर, दुसरा आत. बाहेर एका फिटरला एक दिवस लागेल ते काम आत अनेकांत वाटून घ्यावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांत तारापूरच्या दुरुस्त्यांत ही किंमत जास्त मोजली गेली, त्यावर टीकाही झाली. "आपल्या माणसांनी स्वतः दुरुस्त केलं" हे वाक्य अभिमानानं म्हणताना हा हिशोबही शेजारी ठेवायला हवा.

आणि एवढं करूनही दुरुस्ती संपत नाही. २०२० मध्ये या दोन्ही भट्ट्या पुन्हा बंद केल्या, भट्टीचं पाणी फिरवणारे जुने पाइप बदलण्याच्या मोठ्या कामासाठी. जुनं यंत्र ठेवायचं म्हणजे त्याच्याकडे परत परत यायची तयारी ठेवायची.

तुम्ही म्हणाल, कुठे अणुभट्टी, कुठे शेडमधली गाडी. बरोबर आहे. पण भाऊ स्वतः प्लँटमध्ये काम करतो, त्याला हे लगेच कळलं. वर्क परमिट, शटडाऊन, तपासणीची सही हे त्याचे रोजचे शब्द. फक्त घरच्या शेडमध्ये शिरताना माणूस ते शब्द कारखान्याच्या गेटवर ठेवून येतो.

मग आम्ही दोघांनी फोनवर बसून त्या चार गोष्टी गाडीला लावून पाहिल्या.

कमी मागणं म्हणजे काय? ही गाडी नवी असताना जशी पळायची तशी पळवायची हौस सोडायची. हायवेवरून अहमदाबाद गाठायचं स्वप्न नको. चिंचणीच्या समुद्रापर्यंत सकाळी जाऊन परत येईल, पावसाळ्यात झाकून राहील, एवढी दुरुस्त करायची. असं ठरवलं की निम्मी कामं यादीतून आपोआप गळतात. नवे रुंद टायर, आवाजाचा सायलेन्सर, मोठं कार्बोरेटर असले विचार तर नकोतच.

इथे काय बनवता येईल? इथे बोईसरची जमेची बाजू आहे, आणि ती मुंबईच्या भारी गॅरेजलाही नाही. गाडीची बॉडी फायबरची, आणि तारापूर एमआयडीसीत केमिकल कारखाने. आम्लाच्या टाक्या, डक्ट, स्क्रबर हे सगळं एफआरपीचं असतं, म्हणजे फायबरचंच. रेझिन, हार्डनर आणि मॅट घेऊन तडे भरणारे हात तिथे हवे तेवढे आहेत. गाडीवाला ज्याला अवघड काम म्हणतो ते इथल्या एफआरपीवाल्याचं रोजचं काम. तीच गोष्ट लेथची. सस्पेन्शनचे बुश, पिना, ब्रॅकेट हे नमुना हातात दिला की होतं. रबरी होज, बेल्ट, बेअरिंग यांच्यावर नंबर असतात, ते उतरवून घेऊन तशाच मापाचे शोधता येतात. इंजिनाचे खास भाग मात्र बाहेरूनच आणावे लागतील, आणि ते मागवायच्या आधी कॉम्प्रेशन मोजायचं. चारही सिलिंडर जवळपास सारखं दाखवत असतील तर इंजिन उघडायचंच नाही. टायमिंग बेल्ट तेवढा बदलायचा, कारण वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा बेल्ट दिसायला चांगला असला तरी भरवशाचा नसतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

कशाला हात लावायचा नाही? ब्रेक. म्हणजे खोलायला, साफ करायला हरकत नाही. पण मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, पाइप यांचं काम ब्रेकवाल्याकडूनच करून घ्यायचं आणि तपासणी तिसऱ्यानंच करायची. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. इतकी वर्षं उभ्या गाडीत ते पाणचट झालेलं असणार आणि आतून गंज धरलेला असणार. टायरसुद्धा नवेच. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तो वाचला की वाद मिटतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, पेट्रोलची टाकी काढल्याशिवाय आसपास वेल्डिंग करायचं नाही. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

या सगळ्याच्या आधी मात्र एक काम: चासी. लोकांना वाटतं फायबरची गाडी गंजत नाही. बॉडी गंजत नाही, पण तिच्याखालचा लोखंडी सांगाडा गंजतो, आणि फायबरखाली झाकलेला असल्यानं दिसत नाही. तारापूर-चिंचणीची खारी हवा त्याला चांगली ओळखते. म्हणून गाडी घ्यायच्या आधी खाली जाऊन, सस्पेन्शन जिथे बसतं आणि बॉडी जिथे बोल्टनं आवळलेली असते त्या जागा हातोडीनं ठोकून पाहायच्या. टणक आवाज आला तर पुढे बोलायचं. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर गाडी कितीही देखणी असो, भंगारवाल्याला रस्ता मोकळा करून द्यायचा.

कागदपत्रंही चासीइतकीच महत्त्वाची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटारींची नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये वाढून दहा हजार रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर. आणि व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी हवी तर २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांची लागते. स्टॉर्म त्या वयाच्या जेमतेम अर्ध्यावर. म्हणजे सरकारच्या लेखी ती धड नवी नाही आणि धड वारसाही नाही. आधीच्या मालकाच्या नावाचे कागद पूर्ण नसतील तर पाना हातात घेऊच नये.

राहिला चौथा हिशोब, रविवारांचा. इथे मी भावाला म्हटलं, की तारापूरमध्ये माणूस आत पाठवायच्या आधी तो किती वेळ आत राहणार हे ठरवतात. काम संपलं नाही म्हणून वेळ वाढत नाही. वेळ संपला की माणूस बाहेर. तुझ्या बायकोनं तोच प्रश्न विचारलाय. तू शिफ्टचा माणूस, आठवड्यातून एक सुट्टी, गुडघा आधीच दुखतो, मुलं लहान. आकडा आधी ठरव आणि तो तिच्यासमोर ठरव. त्या आकड्यात गाडी चालती झाली नाही तर ती जशी आहे तशी, खोललेल्या भागांसकट, कुणा हौशी माणसाला द्यायची. अशा गाड्या शेडमध्ये पडून राहतात त्या बहुतेक अर्ध्या दुरुस्तीमुळेच. कुणीतरी उत्साहानं इंजिन उतरवतो, नट-बोल्ट डालड्याच्या डब्यात टाकतो, आणि मग लग्न, बदली, आजारपण. डबा गंजतो आणि गाडी कायमची बसते.

म्हणून माझं उत्तर असं, आणि हे केवळ त्याच्यासाठी नाही, ज्यांच्या अंगणात असं काही उभं आहे त्या सगळ्यांसाठी आहे. पैसे वाचतील म्हणून स्वतः दुरुस्तीला हात घालू नका, ते बहुधा वाचत नाहीत. गॅरेजवाला नाही म्हणाला म्हणून रागानंही घालू नका. चासी टणक असेल, कागद पुरे असतील, आपल्या गावाला येणारं काम त्या गाडीत बरंच असेल आणि घरानं रविवारांचा आकडा मान्य केला असेल, तर जरूर घाला. या चारांतलं एक जरी नसेल तरी नको. शिवडीच्या शेवरोलेपासून तारापूरच्या भट्टीपर्यंत आपल्या लोकांनी दुसऱ्याची यंत्रं टिकवली ती हिंमतीवर, हे खरं. पण जिथे ती नीट टिकली तिथे कुणीतरी आधी बसून काय सोडायचं याची यादी केली होती.

भावानं चासी ठोकून पाहिली आहे. मागच्या एका ब्रॅकेटची जागा पोकळ लागली, बाकी सांगाडा चांगला आहे म्हणतो. कागद मिळाले. घरात आकडा ठरलाय बावीस रविवारांचा, आणि तो त्याच्या बायकोनं कॅलेंडरवर स्वतः लिहिलाय. गणपतीतले रविवार त्यात धरायचे नाहीत, ही तिची अट.

तुमच्याकडे अशी एखादी जुनी गाडी, स्कूटर, इंजिन पडून असेल तर कळवा. कोणत्या गावात कोणतं काम चांगलं होतं याची माहिती असेल तर ती आधी कळवा, तिची गरज जास्त आहे. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.